वीस वर्षांनी पुन्हा गाडी, आणि तीही डबलसीट

पुन्हा दुचाकी घ्यायची तर कोणती, हा तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 53, उंची पाच फूट सहा इंच, वजन 82 किलो, राहणार पुणे. आधी हीरो होंडा सीडी 100 आणि मग थोरल्या भावाची जुनी बुलेट चालवली. 2003 मध्ये कार आली आणि दुचाकी सुटली. आता मुलगी नोकरीला लागली, शनिवार-रविवार मोकळे असतात, आणि दोघांना डबलसीट कोकणात, घाटमाथ्यावर, जमलं तर एकदा गोव्यापर्यंत फिरायचं आहे. वहिनींची, म्हणजे तुमच्या पत्नीची, उंची पाच फूट एक, वजन 64, डावा गुडघा दुखतो. तुमची कंबर अधूनमधून धरते. बजेट तीन लाख, ताणून चार. मित्र सांगतात, घ्यायचीच तर साडेसहाशे सीसीची घे, नाहीतर वर्षभरात बदलावीशी वाटेल.

मी साताऱ्यात 27 वर्षं गॅरेज चालवतो, आणि मधल्या काळात गाडी सुटलेल्या लोकांकडून मैदानावर पुन्हा सराव करून घेतो. त्यामुळे तुमच्यासारखी बरीच जोडपी जवळून पाहिली आहेत. आधी उत्तर देऊन टाकतो. साडेतीनशे सीसीची, 180 ते 190 किलोंच्या आसपासची, कमी उंचीच्या सीटची गाडी घ्या. होंडा हायनेस सीबी 350 आणि रॉयल एन्फिल्ड मिटिऑर 350 या दोन्ही चालवून बघा. त्यातली कोणती घ्यायची हे वहिनींना ठरवू द्या. तुम्ही गाडी पुढच्या सीटवरून निवडायला निघाला आहात, ती मागच्या सीटवरून निवडायची असते. मागच्या माणसाला त्रास झाला की तिसऱ्या सहलीला "तुम्हीच जाऊन या" असं ऐकायला मिळतं, आणि गाडी कव्हरखाली जाते.

तुमच्या हातापायांना जी गाडी आठवते आहे तिच्याबद्दल आधी बोलू. सीडी 100 शंभर किलोच्या आसपासची गाडी होती. कलली तरी एका पायावर सावरता यायची, पार्किंगमध्ये मागचं चाक उचलून सरकवता यायची. आजची साडेतीनशेची गाडी जवळजवळ दुप्पट वजनाची आहे. दुसरं गिअरचं. सीडी 100 चे चारही गिअर पुढे दाबून पडायचे. आता पहिला खाली आणि बाकीचे वर. आणि भावाची बुलेट खरंच जुनी असेल तर तिचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असणार. शांत डोक्याने चालवताना याचा घोळ होत नाही. घाटात वळणावर अचानक एसटी समोर आली की पाय जुन्या सवयीने हलतो. बुलेटवर पंधरा वर्षं काढलेला एक गृहस्थ मी मैदानावर पाहिला आहे. ब्रेक म्हणून त्याने डावा पाय दाबला, गिअर खाली पडला आणि गाडी हिसका देऊन पुढे गेली. ही सवय मोडायला महिनाभर जातो. त्या महिन्यात मागे कोणालाही बसवायचं नाही.

ब्रेकची गोष्ट उलट आहे. त्या काळी पुढचा ब्रेक दाबू नकोस, गाडी घसरेल, असं आपल्याला शिकवलं होतं. ड्रम ब्रेकच्या गाड्यांवर आणि मातीच्या रस्त्यांवर त्यात तथ्य होतं. आता या दोन्ही गाड्यांच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहे आणि एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचा आहे. डबलसीट आणि सामानासह गाडी वेळेत थांबवायची असेल तर पुढचा ब्रेक लागतोच. मैदानात 40 च्या वेगाला दोन्ही ब्रेक घट्ट दाबून बघा. एबीएस काम करायला लागला की लिव्हर बोटांखाली थरथरते. नवखा माणूस त्या थरथरीला घाबरून ब्रेक सोडतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. घरच्यांसोबत रस्त्यावर निघण्याआधी ती थरथर ओळखीची झाली पाहिजे.

आता साडेसहाशेविषयी. मित्रांच्या मनात बहुतेक रॉयल एन्फिल्डची सुपर मिटिऑर 650 असणार. गाडी सुंदर आहे, इंजिन रेशमासारखं चालतं, आणि सीटची उंची 740 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या दोन्ही टाचा आरामात टेकतील. पण वजन 241 किलो. हायनेस 181 किलो. मधला फरक 60 किलोंचा, म्हणजे जवळजवळ वहिनींइतकं वजन कायम जास्तीचं बाळगायचं. गाडी पळत असते तोवर ते जाणवत नाही. जाणवतं ते उतारावर उलटी लावताना, चहाच्या टपरीसमोरच्या खडीत, पेट्रोल पंपाच्या तेलकट फरशीवर आणि लॉजच्या अरुंद फाटकात वळवताना.

पुन्हा सुरुवात करणारे लोक बहुतेक वेळा गाडी उभी असताना किंवा चालीच्या वेगात पडतात. मीही पडलो आहे. 2011 मध्ये पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला येत होतो, बायको मागे होती. गाडी मोठी होती आणि तेव्हा मला त्या मोठेपणाचं कौतुक होतं. चहासाठी रस्त्याच्या कडेला घेतली. डावीकडे पाय टेकायला जागा होती, पण ती बारीक खडीची आणि उताराची. तेवढ्यात बायको उतरायला लागली, वजन डावीकडे आलं, माझा बूट खडीवरून सरकला. वेग शून्य. गाडी तिच्या घोट्यावर आली. सहा आठवडे प्लास्टर. ती आजही माझ्या मागे बसते, पण उतरण्याआधी खांद्यावर दोनदा थाप मारते, आणि मी "हं" म्हटल्याशिवाय पाय हलवत नाही. ही पद्धत तुम्ही पहिल्या दिवसापासून लावून घ्या, चढताना आणि उतरतानाही. गाडी सरळ, दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, मग "हं".

कमी पडेल या भीतीबद्दलही सांगतो. आपल्याकडे दुचाकीला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बंदी आहे, समृद्धी महामार्गावर आहे, अटल सेतूवरही आहे. म्हणजे मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग जिथे झाला असता ते रस्ते तुमच्यासाठी बंदच आहेत. उरले ते जुना मुंबई-पुणे रस्ता, सातारा-कोल्हापूर महामार्ग, सागरी रस्ता, मुंबई-गोवा महामार्ग आणि घाट. ताम्हिणीत डबलसीट 40-50 च्या वर जायची गरज पडत नाही, महामार्गावर 75-80 पुरे. त्या वेगाला मोठी अश्वशक्ती लागत नाही, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ, म्हणजे टॉर्क, लागते. हायनेसचं इंजिन 30 न्यूटनमीटर टॉर्क 3000 फेऱ्यांवर देतं, मिटिऑरचं 27 न्यूटनमीटर 4000 वर. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर चढावर दोघं बसलेले असताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रडत नाही. ओव्हरटेक करताना साडेतीनशेला आधीपासून जागा हेरावी लागते, हे खरं. पण 20 वर्षांनी परतणाऱ्या माणसाला तेवढा संयम गाडीनेच शिकवलेला बरा.

पैशांचाही एक मुद्दा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. या दोन्ही गाड्या 348-349 सीसीच्या, म्हणजे स्वस्त झालेल्या बाजूच्या. वाचलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

मागच्या सीटकडे येतो, कारण खरा निर्णय तिथे आहे. शोरूममध्ये वहिनींना गाडीच्या डावीकडे उभं करा आणि चढायला सांगा, कोणीही हात द्यायचा नाही. डावा पाय फुटरेस्टवर, हात तुमच्या खांद्यावर, उजवा पाय पलीकडे. दुखणारा गुडघा डावाच आहे, म्हणजे चढताना सगळा भार त्याच्यावर येणार. तो किती वाकतो आणि त्या क्षणी चेहऱ्यावर काय दिसतं ते बघा. विचारून "ठीक आहे" असंच उत्तर येतं, म्हणून बघायला सांगतोय. पाठटेकू किंवा मागची बॅग असेल तर पाय आणखी वर न्यावा लागतो, तेव्हा पाठटेकू लावलेल्या गाडीवरच चढून बघा.

बसल्यावर गुडघे कुठे येतात? मांडी जमिनीला समांतर किंवा गुडघा किंचित खाली असेल तर उत्तम. गुडघे पोटाकडे येत असतील तर तासाभरात पाय आखडतात. मग पंजा दाबून सीट बघा. दुकानात सगळ्यात मऊ वाटणारी सीट रस्त्यावर सगळ्यात लवकर दगा देते, कारण फोम चपटा होतो आणि खालचा पत्रा लागायला लागतो. थोडी कडक आणि रुंद सीट चांगली. ती पुढच्या बाजूला उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस तुमच्या पाठीवर घसरतो, आणि तुमची कंबर त्यांचंही वजन झेलते.

कायद्याने मागच्या माणसासाठी पकडायचा दांडा, फुटरेस्ट आणि मागचं चाक निम्म्यापर्यंत झाकणारं साडीगार्ड असायलाच हवं. पुष्कळ लोक गाडी देखणी दिसावी म्हणून साडीगार्ड पहिल्या आठवड्यात काढून ठेवतात. काढू नका. चेनमध्ये गेलेली ओढणी मी माझ्या हाताने कापून काढली आहे, आणि ते दृश्य मला विसरता आलेलं नाही. लांबच्या प्रवासाला वहिनींनी पँट, बंद बूट घालून दोन्हीकडे पाय टाकूनच बसायचं. एका बाजूला बसून घाट उतरणं कंबरेलाही वाईट आणि तोलालाही.

आता तुमची कंबर. इथे दोन्ही गाड्यांमध्ये खरा फरक आहे. मिटिऑरवर पाय पुढे टाकून, खुर्चीत बसल्यासारखं बसतो आपण. सीट 765 मिलिमीटर, पाय छान टेकतात, पहिल्या दहा मिनिटांत माणूस प्रेमात पडतो. पण पाय पुढे असले की खड्डा आल्यावर फुटरेस्टवर जोर देऊन बूड उचलता येत नाही. धक्का सरळ माकडहाडातून कंबरेत जातो. हायनेसवर पाय बऱ्यापैकी शरीराखाली येतात, सीट 800 मिलिमीटर, आणि खड्ड्याआधी किंचित उठता येतं. कंबर धरणाऱ्या माणसाला मी हायनेस सुचवीन. वहिनींच्या गुडघ्यासाठी कदाचित मिटिऑर सोपी पडेल, तिला काही प्रकारांत पाठटेकू कंपनीकडूनच बसवून मिळतो. म्हणून म्हटलं, दोन्ही बघा. दोघांच्या दुखण्यांत ओढाताण झाली तर गुडघ्याच्या बाजूने झुका. कंबरेला दर तासाला थांबून आराम देता येतो, पण प्रत्येक थांब्याला गुडघ्यावर चढणं-उतरणं होणारच.

हायनेसचा क्लच हलका आहे, शहरातून बाहेर पडेपर्यंत डाव्या हाताला त्याची किंमत कळते. मात्र होंडाच्या या गाड्यांसाठी बिगविंग शोरूम लागतात आणि ती मोठ्या शहरांत जास्त आहेत. एन्फिल्ड जाणणारा मिस्त्री कोकणात तालुक्याच्या गावी सहज भेटतो. फार लांब आणि आडवाटेला जाणार असाल तर याचा विचार करा.

बाकीच्या गाड्या झटपट. क्लासिक 350 दिसायला तुम्हाला सगळ्यात जवळची वाटेल, पण वजन 195 किलो आणि सीट 805 मिलिमीटर. घ्यायचीच झाली तर तारांच्या चाकाऐवजी अलॉय चाकाची बघा. तारांच्या चाकात ट्यूब असते आणि घाटात पंक्चर झालं तर चाक उतरवावं लागतं. ट्यूबलेस टायरच्या भोकात रबरी दोरी घालून, पंपाने हवा भरून वीस मिनिटांत निघता येतं. हिमालयन 450 चे शॉकअप खराब रस्त्यावर या सगळ्यांपेक्षा सरस आहेत, पण सीट 825 मिलिमीटर. तुमचे चवडे टेकतील आणि वहिनींना शिडी लागल्यासारखं होईल. डॉमिनार 400 दमदार आहे, 193 किलो, पण तिची मजा वरच्या फेऱ्यांवर आहे, तुमचा प्रवास तसा नाही. ॲव्हेंजर हलकी आणि बुटकी, नवख्या हाताला फार सोपी, पण दोघं बसल्यावर मागचे शॉकअप मोठ्या खड्ड्याला खालपर्यंत बसतात. कोकणात जाणार नसता तर तिच्याबद्दल जास्त लिहिलं असतं.

टेस्ट राइड शोरूमच्या चौकापर्यंतची घेऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसते, आणि दोघांनी मिळून किमान अर्धा तास चालवायला मागा. आधी एकट्याने, मग डबलसीट. पुण्यात असाल तर कात्रजच्या जुन्या घाटाने बोगद्यापर्यंत चढा. चढावर मुद्दाम थांबा आणि पुन्हा निघा. अरुंद रस्त्यावर पाय न टेकता यू-टर्न जमतो का बघा. दोन-तीन गतिरोधक नेहमीच्या वेगाने घ्या. परत आल्यावर गाडी बंद करून, वहिनी खाली उतरल्यावर, ती दहा पावलं मागे ढकलून बघा. हे ढकलणं जमलं नाही तर ती गाडी तुमची नाही, बाकी कितीही आवडली तरी.

गाडीच्या माहितीपत्रकात एकूण कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की किती भार चालतो ते कळतं. तुमचे दोघांचे मिळून 146 किलो. हेल्मेट, जॅकेट, बूट धरले की 155. त्यावर दोन दिवसांचे कपडे आणि पाण्याच्या बाटल्या. हिशोब लगेच काठावर येतो. म्हणून सामान दहा-बारा किलोंच्या वर नको. ते मागच्या कॅरिअरवर उंच रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत खाली ठेवा. मागे उंच रचलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि वळणावर हँडल सैल वाटायला लागतं.

डबलसीट निघण्याआधी तीन गोष्टी करायच्या, ज्या नव्वद टक्के लोक माझ्याकडे गाडी आणेपर्यंत करत नाहीत. मागच्या शॉकअपच्या खाचा पान्याने दोन-तीन घरं वर घ्यायच्या. एकट्याच्या वजनासाठी ठेवलेली स्प्रिंग दोघांत दबते आणि मग चांगला शॉकअपही दणके देतो. मागच्या टायरची हवा डबलसीटच्या आकड्यावर आणायची, तो आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो. आणि संध्याकाळी परतणार असाल तर हेडलाइट थोडा खाली करायचा. मागे वजन आलं की पुढचं नाक उचलतं, उजेड समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या पुढचा खड्डा अंधारात राहतो.

परवानाही काढून बघा. त्यावर एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटरसायकल) ही नोंद आहे का, आणि मुदत कधीपर्यंत आहे? चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. गाडी दारात उभी आणि परवाना बाद, अशी वेळ आणू नका.

वाचलेले पैसे सगळे अंगावर घाला. दोन चांगली हेल्मेट, आयएस 4151 चा शिक्का असलेली, पूर्ण चेहऱ्याची. वहिनींचं हेल्मेट तुमच्याइतकंच चांगलं हवं. मागच्या माणसासाठी टोपीसारखं हलकं हेल्मेट घेतात, ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं. दोघांना कोपर-खांद्याला पॅड असलेली जॅकेट आणि हातमोजे. आणि लेगगार्ड. उभ्या उभ्या पडली तर पाय त्यामुळे वाचतो.

पहिला महिना एकट्याने, रोज सकाळी अर्धा तास. दुसऱ्या महिन्यात वहिनींना घेऊन शहराबाहेर तीस ते पन्नास किलोमीटर, सिंहगड पायथा किंवा भोरपर्यंत. तिसऱ्या महिन्यात वाई-पाचगणी. पसरणी घाट रुंद आहे, वळणं शिकवणारी आहेत. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापत नाहीत. मग ताम्हिणीतून माणगावमार्गे दिवेआगर, पहाटे साडेपाचला निघून, दर पन्नास किलोमीटरला थांबत. पहिला पावसाळा मात्र ताम्हिणीला जाऊ नका, धुक्यात आणि शेवाळलेल्या कडांवर तुमचा सराव अजून पुरणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी रस्ते वाळतात, धबधब्यांची गर्दी ओसरलेली असते.

दोन्ही गाड्या चालवून झाल्या की कोणत्या गाडीवर वहिनी हात न धरता चढल्या, आणि अर्ध्या तासाने उतरल्यावर पहिली चार पावलं कशी टाकली, एवढं कळवा. सीट बदलायची की फुटरेस्ट थोडा खाली घ्यायचा, ते त्यावरून सांगतो.